तिसरा फोन

भामट्यांच्या फोनपासून सावध कसं राहायचं, हे आमच्या केंटकीच्या डोंगरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना शिकवायची मला भारी हौस. दुसऱ्याला अक्कल शिकवायची संधी मी सहसा सोडत नाही. एका रविवारी बायकोच्या चर्चमध्ये जेवणानंतर तीस-चाळीस जण बसले होते. मी बजावलं, "नंबर दिसत नाही असा फोन उचलायचाच नाही. मग तो गव्हर्नर असो नाहीतर देव."

"आणि खरंच देव असला तर?" पुढच्या बाकावरून एका बाईनं विचारलं.

"तर तो तिसऱ्यांदा करेल. भामटा दोनदा वाजवतो आणि पुढचं गिऱ्हाईक बघतो."

सगळे हसले. ती बाई तोंडावर हात धरून हसली, कारण तिला पुढचे दात नव्हते. निघताना मला म्हणाली, "फेब्रुवारीत माझा जास्तीचा कापलेला टॅक्स सरकारकडून परत येतो. यंदा त्यातून नवे दात बसवणार. मग बघ, हात न धरता हसेन." मी तिचं नावही विचारलं नाही.

पोटासाठी मी राज्याच्या बेकारभत्ता कचेरीत सुनावण्या घेतो. महामारीत घाईघाईनं वाटलेला जास्तीचा भत्ता आता परत घेणं चाललंय. ज्याला वसुली मान्य नाही तो अपील करतो आणि ठरल्या वेळी मी त्याला फोन लावतो. आम्ही घरून, स्वतःच्या फोनवरून काम करतो, म्हणून नंबर लपवलेला असतो; समोरच्याला तो दिसत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. पण चर्चमधल्या माझ्या भाषणाशी त्याचा काही संबंध आहे, हे माझ्या टाळक्यात एकदाही शिरलं नाही.

जानेवारीत व्हर्लीन साइझमोर या नावाचं प्रकरण आलं. मोटेलात चादरी धुणारी बाई. मोटेल अर्धवट चालू होतं तेव्हा तिनं पगार कमावला त्या आठवड्यात न दाखवता, हातात पडला त्या आठवड्यात दाखवला होता, म्हणून तिला भत्ता जास्त गेला होता. ही चूक निम्म्या राज्यानं केलीय. दोन प्रश्न विचारले असते, तर चूक प्रामाणिक होती असं लिहून मी वसुली माफ केली असती.

दहा वाजता फोन लावला. नुसताच वाजत राहिला. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. नियम दोनदाचा आहे. "अर्जदार गैरहजर, अपील निकाली," असं मी लिहून टाकलं. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. त्या दिवशी नऊ सुनावण्या होत्या, त्यातली एक सुटली. मोकळ्या वेळात मी अंडी तळून खाल्ली.

एप्रिलमध्ये चर्चच्या जेवणाला ती नवे दात बसवणार म्हणालेली बाई माझ्यासमोर येऊन बसली. मक्याचा पाव बीन्सच्या रश्शात भिजवून दाढेकडे सरकवत होती.

"काय, दातांचं काय झालं?" मी विचारलं.

"कुठले रे दात! टॅक्सचे पैसे बेकारभत्तावाल्यांनी वसुलीत परस्पर उचलले. म्हणे मी फोनवर आलेच नाही! अरे, आठ वाजल्यापासून चर्चला जायचा झगा घालून फोनपाशी बसले होते मी. केससुद्धा विंचरले, फोनवर कोण बघतंय तरी! कचेरीचा फोन आला असेल तर शपथ. एक मेला भामटा तेवढा दोनदा वाजवून गेला, बिननंबराचा. तू सांगितलंस तसं नाही उचलला हो!"

मी हातातला पाव ताटलीत ठेवला. "नाव काय तुमचं?"

"व्हर्लीन. व्हर्लीन साइझमोर."

फेरसुनावणी मागायची मुदत वीस दिवसांची असते. ती कधीच उलटून गेली होती.

"मिस व्हर्लीन," मी म्हणालो, "तो भामटा मीच."

तिला आधी थट्टाच वाटली. मग मी सगळं सांगितलं, नऊ सुनावण्यांसकट. अंड्यांचं तेवढं सांगवलं नाही. ती ताटलीकडे बघत ऐकत राहिली.

"दुसऱ्यांदा वाजला ना, तेव्हा माझा हात फोनवरच होता," ती हळूच म्हणाली. "म्हटलं, आता पुन्हा वाजला तर खऱ्या माणसाचा. दुपारपर्यंत हात तिथनं काढला नाही रे पोरा. तिसऱ्यांदा का नाही केलास?"

"नियम दोनदाचा आहे."

बोललो आणि माझी मलाच लाज वाटली. तिसऱ्यांदा करू नये, असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.

मिस व्हर्लीननं तोंडावर हात धरला. पण ती हसत नव्हती.