अण्णांच्या दातांतले किडे

दाढंत बसलाय चोर गं बाय,
धुरीबिगर त्यो निघायचा न्हाय!

ही हाळी मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझे दुधाचे दातही पुरते पडले नव्हते. कल्याणात आमच्या आळीच्या तोंडाशी दुपारी दाढेतला किडा धुरीनं काढणारा एक माणूस यायचा. खांद्याला झोळी, हातात नळी, आणि गळा असा गोड, की ज्याला दाढदुखी नाही त्यालाही वाटावं, आपली दाढ एकदा तरी दुखायला हवी. पुढे आळीत दातांचे दवाखाने आले, तो माणूस यायचा थांबला, आणि मी समजले की चोरही गेला.

चोर कुठला जातोय! त्यानं फक्त पत्ता बदलला. यंदा तो खडकपाड्याला आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये उतरला, तोही फ्लेक्स लावून: ‘दंतकृमीमुक्ती महाशिबिर. ड्रिल नाही, सुई नाही, भीती नाही.’

रविवारी सकाळी क्लबहाउसात चप्पल ठेवायला जागा नव्हती. सोसायटीच्या सभेला कोरम न भरणारी माणसं खुर्च्यांसाठी भांडत होती. पुढे गादीवर विश्रामगुरुजी बसले होते. पांढरा झब्बा, कॉलरला माइक. समोर पाण्यानं भरलेली परात, परातीत वीट, विटेवर तापून लाल झालेला लोखंडी पत्रा. गुरुजी त्यावर तुपात भिजवलेलं चिमूटभर ‘सिद्ध बीज’ टाकायचे आणि वरून एक मोठं नरसाळं उपडं घालायचे. नरसाळ्याची कड पाण्यात, शेंड्याला बांबूची नळी. नळी पेशंटच्या तोंडात. धूर वर चढायचा, पेशंटचे डोळे वाहायचे, लाळ गळायची. मग गुरुजी नरसाळं उचलून पाण्यावर टॉर्च मारायचे.

पाण्यात किडे! पांढुरके, बारीक, शेपटी वळवलेले, लाटेबरोबर हलणारे.

“दातात किडा, डोक्यात पीडा!” गुरुजी गरजायचे. “किडा धुराला भितो आणि नळीतून थंड पाण्यात उडी मारतो. डॉक्टर म्हणतात, एक्स-रेत किडा दिसत नाही. दिसेल कसा? फोटो काढताना तो गपचूप बसतो! हुशार आहे. तुमच्या-माझ्यापेक्षा हुशार!”

“शंभर टक्के!” असं म्हणणारा केदार. सोसायटीचा सेक्रेटरी, आयटीतला माणूस. मोबाइल वर धरून सगळं लाइव्ह करत होता.

आता या सोहळ्याला उद्घाटक कोण? अर्थात अण्णा. त्र्यंबकराव म्हणजे आमचे अण्णा. वय अठ्ठ्याहत्तर, आणि दात बघावेत तर मोगऱ्याचा गजरा. हास्यक्लबात सगळ्यात मोठा हसायचे. “रोज बाभळीची काडी. टूथपेस्टला आयुष्यात हात लावला नाही,” हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं, की त्यांनी ‘रोज’ म्हटलं की उरलेलं पोरं पूर्ण करायची.

“अण्णा, पहिली धुरी तुमची,” केदार म्हणाला. “ज्यांच्या दातांत काहीच नाही, त्यांच्यापासून सुरुवात. काय गुरुजी?”

अण्णा दचकले. “अरे, मला कशाला? खरे गरजू आहेत त्यांना...” पण लोकांनी टाळ्या पिटल्या. शेवटी त्यांनी नळी ओठांत धरली.

नरसाळं उचललं आणि हॉलमध्ये एकच गलका झाला. परातीत किड्यांचा सडा! दिवसभरात इतके कुणाचेच निघाले नाहीत.

“बघा!” गुरुजींचा आवाज चिरकला. “वरून मोगरा आणि आत वारूळ!”

अण्णांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. लोकांना वाटलं, बिचारे किडे बघून घाबरले. एवढ्या पक्क्या दातांत एवढे किडे, तर आपलं काय? रांग पार लिफ्टपर्यंत गेली. केदारचा व्हिडिओ संध्याकाळपर्यंत पार डोंबिवलीत पोचला. खाली ओळ होती: ‘अण्णांचे किडे – नक्की बघा.’

त्या रांगेत हौसाबाई होती. मोहन्याहून शेअर रिक्षानं यायची, अण्णांकडे आणि माझ्याकडे पोळ्या करायची. जुन्नरकडची. पोळी लाटता लाटता तिच्या तोंडी ओव्या यायच्या, आणि लाटणं त्यांना ठेका द्यायचं. गेला आठवडाभर तिची उजवी दाढ ठणकत होती. धुरी घेतल्यावर ती गाल चोळत माझ्याकडे आली. “लई ग्वाड वाटतंय, बाई. ठणका पळाला बघा.”

बुधवारी पोळ्या मुक्यानं लाटल्या गेल्या.

मी वळून बघितलं तर हौसाबाईचा गाल पुरीसारखा टम्म फुगलेला. अंग तापलेलं. “भाजी घेऊन येऊ,” अशी थाप मारून मी तिला गेटजवळच्या दवाखान्यात नेलं. श्रियाचा दवाखाना. श्रिया डेंटिस्ट, वयानं माझ्या मुलीएवढी, हात हलका आणि जीभ तिखट.

तिनं टॉर्च मारला. “दाढेच्या मुळाशी पू झालाय, मावशी. धुरानं जरा वेळ बधिर झालं, पण आतला पू गेला नाही. औषध सुरू करू आणि दाढ काढू.”

“न्हाई,” हौसाबाई खुर्चीतून उतरली. “किडा अर्धाच पडलाय. गुरुजी बोललं, ऐतवारी पुन्यांदा धुरी.”

“किडा नसतोच हो दातात!”

“नसतो? अण्णांच्या त्वांडातनं पडल्यालं म्या ह्या डोळ्यांनी बघितलं. त्ये शिकल्यालं, सवरल्यालं. त्ये काय खोटं?”

नेमके त्याच वेळी अण्णा दवाखान्यात शिरत होते. आम्हाला पाहून दारातच थबकले.

“अण्णा, बरं झालं आलात,” श्रिया त्यांच्याकडे रोखून बघत म्हणाली. “तुम्ही सांगा ना मावशींना. तुमचं ऐकतील.”

अण्णांनी घसा खाकरला. भिंतीवरचं अक्कलदाढेचं चित्र निरखलं. “मला वैद्यकातलं काय कळतं? ज्याचा त्याचा अनुभव.” आणि ते आल्या पावली परत गेले. हौसाबाईही मान झटकून निघाली.

मी चिडले. “अगं, हे इतके घाबरट कधीपासून झाले?”

श्रिया हातमोजे काढत होती. “चित्राताई, मला एक गोष्ट माहीत आहे. ती सांगितली तर हा सगळा तमाशा मिनिटात बंद पडेल. पण ती एका पेशंटची आहे. ती त्यानंच सांगायची. मी तोंड उघडलं तर उद्या माझ्या खुर्चीत कुणी विश्वासानं बसायचं नाही.”

रविवारी पुन्हा क्लबहाउस, पुन्हा परात. हौसाबाई जबड्याला ओढणी गुंडाळून आली होती. सूज गालावरून हनुवटीखाली उतरली होती, लाळ गिळवत नव्हती, बोलणं जड झालं होतं. मी श्रियाला फोन केला. ती ॲप्रनवरच धावत आली.

“गुरुजी, एक विनंती,” ती सरळ परातीपाशी जाऊन उभी राहिली. “एक धुरी कुणाच्याही तोंडाला नळी न लावता करा.”

गुरुजी गालात हसले, पण लोक बघत होते. पत्र्यावर बी पडलं, तडतडलं. नरसाळं उचललं, तर परातीत किडे! तेच, तसेच. हॉलमध्ये कुजबुज सुटली.

“हवेतले!” गुरुजींनी क्षणही दवडला नाही. “इथं एवढी तोंडं उघडी आहेत, मॅडम. तुम्हीच आत्ता केवढं बोललात!”

हशा, टाळ्या.

श्रिया डगमगली नाही. तिनं तुपातलं एक बी उचललं, सुईनं फोडलं आणि आतला कण पाण्यात सोडून मोबाइलनं मोठा करून दाखवला. पांढुरका, शेपटी वळवलेला.

“हे बघा. हे भुईरिंगणीचं बी. रस्त्याकडेला काटेरी झुडूप असतं ना, पिवळ्या फळांचं, तेच. प्रत्येक बीच्या पोटात कोवळा कोंब वळून झोपलेला असतो. तापलेल्या पत्र्यावर बी फुटतं, कोंब उडतो आणि नरसाळ्याखाली पाण्यात पडतो. गरम पाणी हलतं, म्हणून तो हलतो. हाच तुमचा किडा. दातात किडा बसतो ही समजूत बाबिलोनइतकी जुनी आहे, तिथं मातीच्या पाट्यांवर त्याचा मंत्र आहे. युरोपातसुद्धा असंच बी जाळून किडे काढायचे. अडीचशे वर्षांपूर्वी एका जर्मन पाद्र्यानं ते बी तपासलं आणि लोकांना सांगितलं, अरे, हे तर बीचे तुकडे! पाद्री होता, तरी त्यानं तपासलं. दात किडतो तो तोंडातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात म्हणून. ते जंतू इतके बारीक, की टॉर्चनं काय, भिंगानंही दिसायचे नाहीत.”

पुढच्या रांगा मोबाइलवर वाकल्या. मग गुरुजींनी माइक ओठांशी ओढला. “व्वा! काट्यानं काटा निघतो, तसा किड्यासारख्या बीनं किडा निघतो. निसर्गाची लीला! मॅडमनी आपलंच सिद्ध केलं!”

“आणि जर्मनीचं जर्मनीत ठेवा ना, मॅडम,” केदार म्हणाला. “आमच्या अण्णांचे किडे आम्ही झूम करून बघितलेत.”

पुन्हा टाळ्या. मला त्या क्षणी कळलं, की पुरावा कितीही मोठा असो, ओळखीच्या माणसाची साक्ष त्याच्या डोक्यावर बसते.

हौसाबाई पुढे झाली. तिनं नळी हातात घेतली, पण नळी तोंडात जाईना. जबडा बोटभरही उघडत नव्हता.

“किडा दारात आडवा पडलाय,” गुरुजी म्हणाले. “दोन दिवस कडकडीत उपास. मग बघू.”

“दोन दिवस?” श्रियाचा आवाज पहिल्यांदा कापला. “हिच्याकडे दोन तास आहेत की नाहीत, मला माहीत नाही. पू जिभेखाली उतरलाय. सूज अजून वाढली तर श्वासनलिका दाबली जाईल आणि श्वास कोंडेल. मावशी, पाया पडते. आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल. मी तिथं फोन केलाय.”

हौसाबाईनं मान हलवली. डोळे तापानं लाल झाले होते, पण बाई हटेना. “डागतर लोक भ्या घालत्यात,” ती दातांमधून पुटपुटली. “अण्णा म्हनत्याल तर जाईन.”

सगळा हॉल अण्णांकडे वळला.

अण्णा पहिल्या रांगेत, पाहुण्याच्या खुर्चीत होते. सत्कारात मिळालेला नारळ त्यांनी सावकाश खाली ठेवला. उठले. आमच्याकडे पाठ केली, खिशातून रुमाल काढला. वाटलं, डोळे पुसताहेत. मग वळले, आणि पोरांमध्ये कुणीतरी किंचाळलं.

मोगऱ्याचा गजरा रुमालात होता. वरची कवळी, खालची कवळी, दोन्ही. अण्णांचा चेहरा हवा गेलेल्या फुग्यासारखा आत बसला होता. नुसत्या हिरड्या.

त्यांनी दोन्ही कवळ्या परातीच्या कडेला, गुरुजींच्या समोर ठेवल्या.

“हे माझे दात,” शब्द फुसफुसत आले, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचले. “श्रियाच्या दवाखान्यात बनवलेत. प्लास्टिकचे आहेत. गेल्या रविवारी नळी धरली तेव्हाही हेच होते. माझ्या तोंडात एकही दात नाही. मग गुरुजी, सगळ्यात जास्त किडे माझे कसे निघाले?”

गुरुजी कॉलरचा माइक काढू लागले. 

“बोला ना,” केदार म्हणाला. मोबाइल अजून चालूच होता, फक्त आता त्याचं तोंड गुरुजींकडे होतं. “लाइव्ह आहे.”

“कृमी... म्हणजे सूक्ष्म देहात...” गुरुजी चाचरले आणि घाईघाईनं बियांची पुरचुंडी झब्ब्याच्या खिशात कोंबू लागले. ती फाटली, बी सगळं गादीवर सांडलं. मागून एक आजोबा ओरडले, “अहो, ते गोळा करून घ्या, नाहीतर गादीला कीड लागेल!” मग मात्र जो हशा फुटला, तो थांबेना.

मी हसले नाही, कारण माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. परातीत काय पडलं हे सगळ्यांनी टॉर्च मारून बघितलं. पत्र्यावर काय टाकलं हे कुणीच विचारलं नाही. चमत्कार दिसला की नजर जिथं वळवली जाते, तिथून ती काढून दुसरीकडे वळवायची. एवढं केलं तरी पुष्कळ बाबा उपाशी मरतील.

श्रियानं तोवर रिक्षा बोलावली होती. हौसाबाई माझ्या खांद्यावर भार टाकून बाहेर आली. मागून अण्णा. कवळी घालायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं, की घालायची नव्हती, कोण जाणे. गेटवरचा वॉचमन बघतच राहिला.

हौसाबाई रिक्षात बसली. अण्णा तिच्या शेजारी बसायला वाकले, तेव्हा तिनं त्यांचा हात धरला आणि मोठ्या कष्टानं जबडा हलवला. “मंग त्या बुदवारी दवाखान्यात का न्हाई बोललासा?”

अण्णा फूटबोर्डवर एक पाय ठेवून तसेच थांबले.

“बायको गेली ना, त्याच साली माझा शेवटचा दात पडला,” ते म्हणाले. “घर रिकामं झालेलं सगळ्यांना दिसतच होतं. तोंडही रिकामं झालंय, ते तरी कुणाला दिसू नये असं वाटलं. किडे खोटे आहेत हे मला नळी धरली तेव्हाच कळलं होतं, हौसाबाई. मला लाज वाटली, म्हणून मी गप्प बसलो.”