मागितला चानी, दिला मोन्थोंग

मी एक हातमोजा. डाव्या हाताचा. जाड कातड्याचा, वेल्डिंगवाले घालतात तसला. आम्ही जोडीनं जन्मलो, जोडीनं एका पिशवीत बंद होऊन कतारमधल्या दोहा शहरात हार्डवेअरच्या दुकानात लटकलो आणि १९९९च्या उन्हाळ्यात जोडीनंच विकले गेलो. पण घेणाऱ्याला मोजा हवा होता एकच. उजव्या हातात त्याला सुरी धरायची होती. माझा जोडीदार पहिल्याच दिवशी खणात गेला आणि पुढं एसी दुरुस्त करायला आलेला कोणी त्याला घेऊन गेला. मला निरोपही घेता आला नाही. तेव्हापासून मी एकटा, आणि आता तर पुरताच एकटा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधे मधे रडगाणं नको.

मला घेणारा उस्मान. राजापूरच्या बाजूचा, चाळिशीतला, अबोल माणूस. अल सद्द भागातल्या एका फळांच्या दुकानात कामाला होता. त्या वर्षी मालकानं थायलंडहून ड्युरियनची खोकी मागवायला सुरुवात केली. पहिलं खोकं उघडलं आणि दुकानातले सगळे नाकाला रुमाल लावून बाहेर. मालक म्हणाला, "उस्मान, तुमच्याकडे फणस होतात ना? हे तसलंच. तूच बघ."

बाहेरून तसलंच, हे कबूल. म्हणून उस्माननं फणसाचीच रीत धरली. कोकणात फणस फोडताना हाताला नि सुरीला खोबरेल लावतात, चीक चिकटू नये म्हणून. त्यानं मला चांगलं चोपडून तेल लावलं. ड्युरियनला चीक नसतो, हे त्या बिचाऱ्याला कुठं ठाऊक! पहिलंच फळ माझ्यातून सटकलं ते थेट त्याच्या पायावर. फणसाचे काटे बोथट हो, ह्याचे खिळ्यांसारखे. आठवडाभर उस्मान लंगडत होता. माझ्या तळव्याला तीन भोकं पडली, ती अजून आहेत.

वासाचं तर विचारूच नका. मालकानं आमचं टेबल दुकानामागच्या बोळात मांडलं. ओल्ड एअरपोर्ट भागात उस्मान चौघांबरोबर एका खोलीत राहायचा. त्यांनी आधी थट्टा केली, मग नाकं मुरडली आणि शेवटी त्याची खाट स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमध्ये सरकवली. त्याच्या डब्याच्या पिशवीतून मीही जायचो-यायचो, म्हणून हे सगळं पाहिलं. उस्मान कामावरून आला की पॅसेजच्या भिंतीकडे तोंड करून पडायचा.

त्याचं बोलणं असायचं फक्त शुक्रवारी. नाक्यावरच्या फोनमध्ये कार्ड घालून तो गावी अम्मीला फोन लावायचा. मी खिशात. मे-जूनमध्ये ठरलेला प्रश्न असायचा, "अम्मी, फणस खाल्लास?"

"खाल्ला बाबा. पन बरका काय मिलाला नाय."

"बरका कशाला गो? मी भावाला सांगून ठेवलाय, पहिला कापा अम्मीला द्यायचा."

"बरा," म्हणायची म्हातारी, आणि मग कोंबड्यांचं काही सांगायची.

उस्मानच्या हिशेबी हे अगदी बरोबर होतं. त्यांच्याकडे कापा फणस मानाचा. घट्ट गरे, पाहुण्याला बशीतून द्यायचे. बरका मऊ, बुळबुळीत, घरच्या घरी गिळायचा, नाहीतर त्याची सांदणं करायची, रस थापून साठं वाळवायची. आता तुम्ही म्हणाल, मग उस्मान स्वतः मे महिन्यात गावी का जात नव्हता? अहो, ड्युरियनचा हंगाम तोच. मालक सुट्टी द्यायचा ती थंडीत. फणसाच्या दिवसांत हा माणूस कधी घरी नव्हताच.

पहिल्या हंगामात त्याला सगळे ड्युरियन सारखेच दिसत. कोणी एक मागावं, ह्यानं भलतंच फोडावं. गिऱ्हाइकं वैतागायची. त्याला ओळख शिकवली मालीबायनं.

ही थाई बाई जवळच्याच एका बंगल्यात स्वयंपाकाला होती. पन्नाशीची, किरकोळ अंगाची. शुक्रवारी दुपारी तिला दोन तास मोकळे मिळत आणि त्यातला एक तास ती आमच्या बोळात उभी असे. थोडं हिंदी, थोडं अरबी, बाकी सगळं हातानं. पहिल्याच शुक्रवारी तिनं मला उस्मानच्या हातातून ओढून काढलं आणि स्वतः घातलं. तिचा हात लहान, माझ्या बोटांची टोकं रिकामीच राहिली. तिनं एक मोठं फळ फिरवून दाखवलं. "उस्मान, हादा मोन्थोंग." मग दुसरं उचललं. "हादा चानी."

त्या चार उन्हाळ्यांत मी जे शिकलो ते अजून विसरलेलो नाही. मोन्थोंग थोराड, लांबोडका, खालचं टोक चोचीसारखं निमुळतं. आतला गर फिका पिवळा, जाडजूड, घट्ट, बी लहान, वास बेताचा. चानी बुटका, मधे पोट सुटलेला. त्याचा गर गर्द पिवळा, लोण्यासारखा मऊ आणि वास असा की बोळाच्या तोंडाशी आलेला माणूस मागे फिरावा. क्राडुम लहानखुरा, गोल, दाट आखूड काट्यांचा, हंगामात सगळ्यांच्या आधी हजर. कानयावला तर देठावरूनच ओळखा, चांगला बोटभर लांब असतो. पुढं एकदोनदा मलेशियाचे डी-ट्वेंटीफोरही आले, गोलसर, हिरवट, आखूड देठाचे. तिकडचे आपोआप झाडावरून पडतात आणि थायलंडचे कापून उतरवतात, म्हणून ह्यांना पिकायला वेळ द्यावा लागतो, असं ती खुणांनी सांगायची. सुरीच्या पाठीनं टकटक करायची. कच्चा ठणठणतो, पिकलेला बद्द वाजतो. फणसाचंही तसंच, म्हणून हे एक उस्मानला पटकन जमलं.

आणि तिथंच घोटाळा झाला. त्यानं मनाशी हिशेब बसवला की घट्ट गराचा मोन्थोंग म्हणजे कापा आणि मऊ चानी म्हणजे बरका. मालीबाय दर वेळी चानीच न्यायची. चानी थोडा स्वस्त पडायचा. उस्मानला वाटे, बिचारी परवडत नाही म्हणून बरक्यावर भागवते.

२००३चा जून. शुक्रवारी मालीबाय आली. नेहमीसारखी रेंगाळली नाही, सुरीला हात लावला नाही. "उस्मान, चानी. एक. बॉक्स," म्हणाली आणि शेजारच्या दुकानात मेणबत्त्या घ्यायला गेली. घरच्या मॅडमला काट्यांचं टरफल घरात चालत नसे, म्हणून आम्ही तिचे गरे डब्यात भरून द्यायचो. टेबलावर एक चानी होता आणि शेजारी त्या खेपेतला सगळ्यांत देखणा मोन्थोंग. उस्मान स्वतःशीच पुटपुटला, "चार वर्षं बरका खातेय बाय. आज कापा खाऊ दे."

त्यानं मोन्थोंग उचलला. माझ्या तळव्याला चोच लागली, मला सगळं कळत होतं. पण मोज्याचं ऐकतो कोण? त्यानं गरे डब्यात रचले, झाकण लावलं, चानीचेच पैसे घेतले. उरलेला दिवसभर त्याचा चेहरा खुललेला होता. कोणासाठी काही करायला मिळालं की माणसं अशी दिसतात.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, मालीबाय पुन्हा आली. तिनं डबा टेबलावर ठेवला. एकही गरा हललेला नव्हता.

"हादा मोन्थोंग," ती म्हणाली.

"मोन्थोंग अच्छा है, मालीबाय. एक नंबर."

तिनं मान हलवली. रागावली असती तर बरं झालं असतं. "शुक्रन, उस्मान. खलास," एवढंच म्हणून ती निघून गेली.

चार शुक्रवार गेले. उस्मान एक चानी बाजूला काढून ठेवायचा आणि संध्याकाळी दुसऱ्या कोणाला तरी विकायचा. पाचव्या आठवड्यात आयरीन सिस्टर आल्या. वसईच्या, नर्स. मालीबायच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या मॅडमच्या पायाचं ड्रेसिंग करायला जायच्या आणि आमच्याकडून केळी न्यायच्या.

"उस्मानभाई, त्या दिवशी मालीला तुम्ही काय दिलंत?"

"चांगलाच दिला, सिस्टर. सगळ्यात भारी मोन्थोंग. चानीच्या भावात."

आयरीन सिस्टरनी पर्स खांद्यावरून काढून टेबलावर ठेवली. "तिच्या मुलाचा दिवस होता तो. अकरा वर्षांचा होता, नदीत बुडून गेला. दर वर्षी त्या दिवशी ती त्याच्या फोटोपुढं चानी ठेवते. त्याला दुसरा चालायचाच नाही म्हणे. तिनं मेणबत्ती लावली, डबा उघडला, तोवर तुमचं दुकान बंद झालेलं. फोटोपुढं काहीच ठेवता आलं नाही तिला."

"मना वाटला, स्वस्त म्हणून नेते."

"तिनं मागितलं काय होतं?"

उस्माननं सुरी खाली ठेवली. माझ्या आत त्याच्या बोटांना घाम फुटला होता. "आता ती इथं नाहीये," सिस्टर जाता जाता म्हणाल्या. "सगळं घर पार उत्तरेला, शमालला हललं. म्हाताऱ्या मॅडमना समुद्राजवळ राहायचंय. माझी ड्यूटी पण संपली."

त्या शुक्रवारी त्यानं फोन लावला आणि पहिल्यांदाच भलतं काही विचारलं. "अम्मी, तुझं दात किती उरलं?"

"दोन. का रे?"

"मग कापा कसा खातेस?"

पलीकडे अम्मीनं कोंबड्यांना हुसकावलं. मग अम्मी म्हणाली, "चघलतंय नि ठेवतंय. तू यवढ्या मानानं देयाला सांगतंस, नको कसा म्हनू?"

कार्ड संपलं तरी उस्मान फोन कानाला लावून उभा होता.

जुलै सरत आला होता. चानी जवळपास संपला होता. पहाटेच्या घाऊक बाजारात उस्मान मला घालून खोक्यामागून खोकं उपसत राहिला. चोच, चोच, पुन्हा चोच. अखेर तळाशी एक बुटका, पोट सुटलेला हाताला लागला. त्यानं सुरीच्या पाठीनं टकटक केलं. बद्द.

शमालला भाजी घेऊन जाणारा काशिफ रायगडचा. त्याच्या पिकअपमध्ये आम्ही बसलो. त्या उन्हात सगळ्या काचा खाली करून तो दीड तास कुरकुरत होता. "उस्मानभाई, बायकोसाठी पण कोणी एवढं करत नाही हो." उस्मान हसला नाही. फळ मांडीवर धरून बसला होता, मी मधे होतो म्हणून काटे लागले नाहीत.

बंगल्याच्या मागच्या दाराशी मालीबाय भांडी घासत होती. तिनं उस्मानकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि ओला हात पुसून पुढं केला. तो हात माझ्यासाठी होता. उस्माननं मला काढून तिच्या हातात चढवलं. तिनं फळ फिरवलं, पोटावर अंगठा दाबला, शिवणीपाशी नाक नेलं.

"चानी," ती म्हणाली.

"चानी," उस्मान म्हणाला. "मालीबाय, माफ कर. तू मागितलास ता दिला नाय मी." हे तो आपल्या बोलीत बोलला. तिला शब्द कुठले कळणार, पण तिनं मान हलवली.

तिनं तिथंच फळ फोडलं. पहिला गरा बशीत ठेवून आत नेला. स्वयंपाकघराच्या फळीवर एका मुलाचा फोटो होता, तो मला दारातून दिसला. बाहेर येऊन दुसरा गरा तिनं उस्मानच्या हातावर ठेवला. इतकी वर्षं विकून त्यानं चानी कधी चाखलाच नव्हता. तोंडात घातला आणि त्याचे डोळे भरून आले. "बरका," तो म्हणाला. "अगदी बरका." मग चिकट हातांनी तोंड झाकून म्हणाला, "मना घराक जायचा हाय."

काशिफनं हॉर्न वाजवला. उस्मान गडबडीनं निघाला. मी मालीबायच्या हातातच राहिलो. फाटकाशी तो वळला, मला पाहिलं. ती मला काढू लागली तसा त्यानं हात हलवला, असू दे म्हणून. तो मला शेवटचा दिसला.

पुढच्या एप्रिलमध्ये तो नोकरी सोडून गेला, एवढं काशिफकडून कळलं. आणि जूनअखेरीस काशिफनं मागच्या दारी एक पुडकं आणून दिलं. जुन्या साडीच्या फडक्यात बांधलेलं, तपकिरी, चिवट. "उस्माननं पाठवलंय. साठं आहे. त्याच्या अम्मीनं पोटभर बरका खाऊन उरलेल्याचं घातलंय," असं तो हिंदीत म्हणाला. मालीबायला किती समजलं कोण जाणे. तिनं हुंगून पाहिलं. तीन तुकडे केले. एक फोटोपुढं ठेवला, एक तोंडात टाकला आणि तिसरा खिळ्यावरून मला काढून माझ्या तळव्यावर ठेवला, बरोबर त्या तीन भोकांवर. संध्याकाळपर्यंत तो तिथंच होता.

२००८ साली ती कायमची आपल्या देशी गेली. फोटो घेतला, दोन जोड कपडे घेतले. मला एकदा हातात घातलं, बोटं वळवून पाहिली आणि परत खिळ्याला अडकवलं. उस्मान कधी विचारत आला तर मिळावा, म्हणून असेल. तिला जाऊन वर्ष होऊन गेलं. मागच्या दाराशी आता कोणी उभं राहत नाही. तापलेली कढई उतरवायची असली की नवी स्वयंपाकीण मला ओढते आणि परत अडकवते. काल तिनं मला हुंगलं, तोंड वाकडं केलं आणि साबणाची बादली भरायला ठेवली.

बाई, तुला ऐकू जात असेल तर एक विनंती आहे. फेकायचं तर फेक, फाटलोच आहे मी. पण धुऊ नकोस. ह्या तीन भोकांपाशी अजून थोडा चानी आहे, थोडा बरका आहे.