ऑपरेशन कोणाचं?

कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनचा दिवस कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात जाऊन पाहा. आत वॉर्डात उपाशीपोटी बसलेल्या बायका, कुणाच्या मांडीवर तान्हं मूल, कुणाच्या डोळ्यांत भीती. बाहेर झाडाखाली त्यांचे नवरे. कुणी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटतो आहे, कुणी मोबाईलवर बोट फिरवतो आहे. मुलं दोघांची, संसार दोघांचा, पण टेबलावर झोपायचं ते बाईनेच, हे जणू ठरूनच गेलेलं आहे.

उमेंद्र पटले यालाही त्यात कधी काही वावगं वाटलं नव्हतं. देवरी भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात तो ऑपरेशन थिएटरचा तंत्रज्ञ होता. अवजारं निर्जंतुक करून मांडायची, ऑक्सिजन तपासायचा, दिवा नेमका हवा तिथे वळवायचा, डॉक्टरांना लागेल ते हाताशी ठेवायचं, हे त्याचं काम. तो ते मनापासून आणि चोख करायचा. डॉ. संघदीप बाहेरून शिबिरासाठी येत, तेव्हा आधी विचारत, "उमेंद्र आहे ना आज?" तो आहे म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरायचा. उमेंद्रलाही आपल्या कामाचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

दिवाळीनंतरच्या अशाच एका शिबिरात अन्नपूर्णा नावाची एक बाई आली होती. जंगलाकडच्या गावातली, अंगाने काडीसारखी. तपासणीत तिचं रक्त फार कमी निघालं. डॉक्टरांनी ऑपरेशनला साफ नकार दिला. थिएटरच्या इन्चार्ज अल्का सिस्टर तिच्या नवऱ्याला सांगायला बाहेर गेल्या, तेव्हा उमेंद्रही त्यांच्यासोबत होता.

नवऱ्याचं नाव गोवर्धन. तो म्हणाला, "मंग रक्ताच्या गोळ्या द्या, सिस्टर. पुढच्या महिन्यात आणतो तिले."

"तिलाच कशाला आणतोस?" अल्का सिस्टर म्हणाल्या. "तू आहेस ना. पुरुषाचं ऑपरेशन याहून सोपं असतं. पोटाला हात लावायचा नाही, टाका नाही. तेवढ्या जागेपुरती भूल द्यायची आणि दुपारी घरी."

आजूबाजूचे दोघेतिघे हसले. गोवर्धनही ओशाळून हसला. "मले पोती उचलाची राहतात, सिस्टर. कमजोरी आली त काम कोन करन?"

"कमजोरी येत नाही. विचार याला. हा रोज थिएटरमध्ये असतो."

उमेंद्रने सवयीने सांगून टाकलं, "काहीच होत नाही गा. ताकद जात नाही, मर्दपणा जात नाही. निस्ती नळी बंद करतात."

गोवर्धनने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या आवाजात खोच नव्हती, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तुमचं झालं का, साहेब?"

"माझं? घरचं ठरलं आहे. पुढच्या शिबिरात."

"म्हंजे बाईचं."

गोवर्धन बायकोला घेऊन निघून गेला.

दिवसभराची ऑपरेशनं आटोपल्यावर अवजारं धुताना अल्का सिस्टरांनीच विषय काढला. "बायकोचं, भूमेश्वरीचं नाव तू दिलंस, ते मी पाहिलं होतं. तेव्हा बोलले नाही, तुझ्या घरची गोष्ट आहे म्हणून. पण तिची दोन्ही बाळंतपणं पोट उघडून झाली. दुसऱ्या वेळी किती रक्त गेलं, तू स्वतः पाहिलंस. त्यामुळेच तर तेव्हा डॉक्टरांनी हे ऑपरेशन सोबत केलं नाही. आता पुन्हा त्याच पोटात जायचं. आतून चिकटलेलं असेल तर अवघड होतं, हे तुला मी सांगायला हवं का?"

"डॉक्टर आपले आहेत, सिस्टर. ते नीट करतील."

"करतील. प्रश्न तो नाही. ज्याची गरजच नाही ते तिने का सोसायचं, हा प्रश्न आहे."

उमेंद्रने चिमटे पुसून ठेवले. मग हळूच म्हणाला, "सिस्टर, मी गावात राहतो. तिथंच उठणंबसणं. लोक काय काय बोलतात तुम्हाला माहीत नाही."

"मला चांगलं माहीत आहे," अल्का सिस्टर म्हणाल्या. "मी नर्सिंगला गेले तेव्हा आमच्या वस्तीतही लोक बोलत होतेच. बोलून बोलून थकले. हे बघ, तो गोवर्धन अडाणी म्हणून हसला असेल. त्याला कुणी नीट सांगितलेलं नाही. तुला सगळं माहीत असून तू बायकोचं नाव दिलंस. म्हणजे आपल्याकडे कमतरता आहे ती माहितीची नाही. चार लोकांच्या हसण्याची भीती आपल्याला बायकोच्या जिवापेक्षा मोठी वाटते. तेवढंच आहे ते."

त्या रागावल्या नव्हत्या, म्हणून ते जास्त लागलं.

घरी आला तेव्हा भूमेश्वरी अंगणात तांदूळ निवडत होती. ऑपरेशननंतर घर सांभाळायला तिने बहिणीला बोलावून ठेवलं होतं. उमेंद्र शेजारी बसला. सुपातली नजर न हलवता ती म्हणाली, "एक सांगाचं होतं. मागच्या वेळी लय रक्त गेलं होतं. या वेळी तसं काही झालं त लेकराइले माझ्या माहेरी नका धाडजा. इथंच ठेवजा. शाळा सुटाची नाई त्याहची."

एवढं बोलून ती पुन्हा खडे वेचू लागली. जणू शेजारणीला उद्याचं काम सांगितलं.

उमेंद्र सुन्न झाला. ही बाई कितीतरी दिवस हा विचार मनात घेऊन भाकऱ्या थापत होती, मुलांची वेणीफणी करत होती आणि आपल्याला त्याचा पत्ताही नव्हता. टेबलावर झोपलेल्या शेकडो बायकांना आपण 'घाबरू नका' म्हणत आलो. घरातल्या बाईला घाबरली आहेस का, हे एकदाही विचारलं नाही.

"तुझं ऑपरेशन नाही होणार," तो म्हणाला. "मी माझं करून घेतो."

भूमेश्वरीने पहिल्यांदा वर पाहिलं. "गंमत करून राहिले का?"

"नाही."

"माय काय म्हणन?"

माय काय म्हणेल ते रात्रीच्या जेवणातच कळलं. सुखवंताबाईंनी हातातला घास ताटात ठेवला. "घरात बाई असताना माणसाचं काऊन? आमच्या खानदानात कोन्या माणसानं केलं का असं? कमावता माणूस तू. तुले काही झालं त?"

"मले काही होत नाही, माय. हिला होऊ शकते."

"बाईच्या जातीले सोसाच लागते. आमी नाई सोसलो का? तू नेमका चालाले लागला होता. शाळेत शिबीर होतं. बैलगाडीत टाकून आणलं मले. जखम वली होती तरी धान कापाले गेली मी. वाकली का पोटात कळ उठे. अजून थंडीत उठते. मी बोलली का कधी?"

उमेंद्रने आईकडे पाहिलं. थंडीत ती पोटाशी कापड शेकून धरते, हे तो लहानपणापासून पाहत होता. कशासाठी, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"काऊन नाही बोलली, माय?"

"कोनाले बोलाचं होतं?" सुखवंताबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "डाक्टरनं तुझ्या बाबालेच पहिले विचारलं होतं. तुमी करून घ्या म्हणे, लहानसं काम आहे. मी वर्गात बसून ऐकत होती. तुझा बाबा हासला. मंग डाक्टरनं माझं नाव घेतलं."

उमेंद्रचे बाबा ग्यानीराम पटले भिंतीला टेकून जेवत होते. गावात त्यांचा शब्द मानला जाई. पंचायतीत, भांडणतंट्यात लोक त्यांना बोलवत. त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. बायकोने ते हसणं ऐकलं होतं आणि इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं, हे त्यांना आज कळत होतं. भूमेश्वरी भाताचं पातेलं हातात धरून तशीच उभी राहिली.

शेवटी ग्यानीराम बोलले. "उमेंद्र, कधी जाचं आहे?"

"पुढच्या शिबिरात."

"मी येतो तुझ्या संगं."

सुखवंताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मुलाला मात्र त्यांनी पुन्हा अडवलं नाही. ताटातला घास उचलून त्या जेवू लागल्या.

शिबिराच्या दिवशी ग्यानीराम स्वच्छ धोतर नेसून, डोक्याला गमछा बांधून मुलासोबत आले. फाटकाजवळ ओळखीच्या एकाने विचारलं, "कोनाले आणले, काका? सुनेले?"

"पोराले आणलो."

"पोरगा त इथं नौकरीवरच आहे ना."

"आज ऑपरेशन आहे त्याचं," ग्यानीराम मोठ्याने म्हणाले, म्हणजे झाडाखालच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने. "सुनेचं दोनदा पोट फाडलं. आता त्याची बारी." आणि पुरुषांच्या त्या घोळक्यातच ते बसले.

आत डॉ. संघदीप हसून म्हणाले, "उमेंद्र, आज दिवा कुठे वळवायचा ते तू सांगायचं नाही."

ज्या टेबलाभोवती तो रोज वावरायचा, त्यावर पाठ टेकल्यावर त्याला कळलं की ते किती गार असतं. दिवा थेट डोळ्यांवर येतो. अवजारं एकमेकांवर आपटल्याचा आवाज झोपून ऐकला की कितीतरी मोठा वाटतो. सुई टोचली तेव्हा तो दचकला. 'मुंगी चावल्यासारखं होईल' असं तो बायकांना सांगायचा. मुंगी अशी चावत नाही. अल्का सिस्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढे काय होणार ते एकेक करून सांगत राहिल्या. त्या आवाजाचा त्याला फार आधार वाटला. मग मात्र काही दुखलं नाही. थोड्या वेळाने डॉक्टर म्हणाले, "झालं." उमेंद्र स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आला.

गावात व्हायचं ते झालं. मंडईच्या जत्रेत दंडार हे लोकनाट्य बघायला गेला तर भैय्यालाल किराणावाल्याने सगळ्यांसमोर हाक मारली, "क्या उमेंद्रभाऊ, अब साडी पहनोगे क्या?" लोक हसले. उमेंद्र त्याच्याजवळ जाऊन बसला. शांतपणे म्हणाला, "हास भैय्यालाल, मला काही फरक पडत नाही. माझी बायको घरी धडधाकट आहे. तुझ्या बायकोचं ऑपरेशन झालं तेव्हा तू तिला भेटायला तरी आत गेला होतास का?" भैय्यालालने शेंगदाण्याची पुडी पुढे केली आणि विषय बदलला. हसणारे हळूहळू कमी झाले. काही अजूनही हसतात. पण त्यांच्यातलेच एक-दोघं एकटं गाठून विचारू लागले, "खरंच काही होत नाही का रे?"

गोवर्धनही आला. अन्नपूर्णाचं रक्त तपासायला तिला घेऊन आला होता. कानावर आलं म्हणून थिएटरच्या दाराशी उमेंद्रला शोधत उभा राहिला. "साहेब, तुमी करून घेतले म्हणते. दुखते का?"

पूर्वीचा उमेंद्र 'काहीच होत नाही' म्हणून मोकळा झाला असता. आता त्याने गोवर्धनला बाकावर बसवलं. "सुई टोचताना दुखते. एक-दोन रोज खाली ओढल्यासारखं वाटते. आठवडाभर जड वजन उचलायचं नाही. ऑपरेशन झालं की लगेच बिनधास्त व्हायचं नाही, तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्याची तपासणी करायची. ती मी पण करून घेणार आहे. बाकी अंगातली ताकद होती तेवढीच आहे. आज सकाळीच हे सिलिंडर मी उचलून आणलं."

गोवर्धनने सिलिंडरकडे पाहिलं, मग अन्नपूर्णाकडे. ती भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती. फाटकापासून इथवर चालत आली, तेवढ्यातच दमली होती.

"माझं नाव घ्या," तो म्हणाला. "हिचं काढून टाका."

अन्नपूर्णाने डोळे उघडले. ती नवऱ्याकडे पाहत राहिली, आणि मग पदराने तोंड पुसण्याच्या निमित्ताने तिने डोळे पुसले.

त्या मोसमात गोवर्धन धरून मोजकेच पुरुष आले. नाव देऊन ऐनवेळी गायब झालेलेही होते. उमेंद्र त्यांच्यावर चिडत नाही, पुन्हा भेटला की पुन्हा सांगतो. आणि ज्या बाईला ऑपरेशन करावंच लागतं, तिच्या उशाशी तो आता उभा राहतो. टेबल गार लागेल, सुई जरा दुखेल, हा आवाज अमुक गोष्टीचा आहे, असं आधीच सांगतो. बायका पूर्वीपेक्षा शांत राहतात, असं डॉ. संघदीप म्हणतात.

वाचकहो, हा प्रश्न एका उमेंद्रच्या घरचा नाही. आपल्या घरातही तो कधी ना कधी येतो आणि बहुतेक वेळा कुणी न विचारताच त्याचं उत्तर ठरून जातं. ते तसं ठरू देऊ नका. नवरा-बायकोने एकत्र बसावं, डॉक्टरांना दोघांबद्दलही विचारावं, आणि ज्याच्या शरीराला कमी त्रास, कमी धोका, त्याने पुढे व्हावं. बाईने गप्प राहून सोसलं म्हणजे तिला दुखलं नाही असं होत नाही. ज्या पुरुषाला हे कळलं आणि जो चार लोकांच्या हसण्याला न घाबरता आपल्या माणसासाठी टेबलावर झोपला, त्याचा मर्दपणा कमी झाला असं म्हणायचं, तर मग मर्दपणा म्हणजे काय, हेच आपल्याला नव्याने शिकावं लागेल.