राखणीचा पत्रा

नळ चावतो, असं सुभद्रेनं सांगितलं तेव्हा तिचा नवरा भिकाजी हसला. मग ऐटीत स्वतः हात धुवायला गेला आणि दोन हंडे लवंडून अंगणात पळत आला.

विहिरीवर विजेचा पंप बसून महिनाही झाला नव्हता. लग्न होऊन आल्यापासून दोर ओढून ओढून सुभद्रेच्या तळहातांना घट्टे पडलेले. मोरीत लोखंडी नळ आला तेव्हा तिला कोण आनंद झाला होता! आणि आता तिच्या सासूबाई, हौसाबाई, अंगणात उभ्या राहून विहिरीतल्या भुताच्या नावानं गरजत होत्या, "बावयेतलो देवचार खवळलोहा! भिकाजी, सोमवारी तो पंप काडून टाक. माका माजो दोरच बरो!"

भिकाजी आईपुढे तोंड उघडील तर शपथ. सुभद्रेला रडूच कोसळलं. पण रडून नळ थोडाच राहणार होता? डोळे पुसून तिनं पंप बसवणाऱ्या फॉस्टिन वायरमनला निरोप धाडला.

फॉस्टिननं आल्याआल्या मेन स्विच पाडला आणि पायपावरून गेलेल्या तांब्याच्या तारेमागोमाग परसात गेला. तार भिंतीपाशी तुटून लोंबत होती. जिथं ती जमिनीत जायची, तिथं अबोलीचं रोप डुलत होतं.

"हय पुरललो पत्रो खंय गेलो?"

हौसाबाईंचे डोळे मोठे झाले. "तो तू पुरलंस? मेल्या, मीठ, कोळसो आणि तांब्याचो पत्रो! ही करणी नाय तर काय? मी अबोली लावूक खणलंय तर हाताक लागलो. अमाशेच्या राती खाडयेत बुडवून इलंय, मागे वळान बगूक नाय की कोणाक सांगूक नाय."

पंप बसला तेव्हा म्हातारी भावाकडे तळेऱ्याला होती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

फॉस्टिननं कपाळावर हात मारला. "आये, मोटारीतली वीज चुकान पायपात इली तर ती त्या पत्र्यातसून जमनीत जाता. पत्रो नाय, तर हात लावतल्याच्या आंगातसून जाता!"

"तुजा शास्त्र तुज्याकडे. माज्या परसात करणी पुरूची नाय!"

झालं! आता बोललं नाही तर जन्मभर दोर. सुभद्रा पदर खोचून पुढं झाली.

"आये, पत्रो होतो तवसर नळ चावलो?"

"नाय."

"तुमी काडलात आणि चावूक लागलो. मगे ती करणी कशी? ती राखण होती!"

हौसाबाईंनी अबोलीच्या रोपाकडे वळून पाहिलं. त्यांच्याच हिशेबानं पाहिलं तरी यात खोट नव्हती.

दुसऱ्या दिवशी फॉस्टिननं मोटारीची उंदरानं कुरतडलेली वायर बदलली, नवा पत्रा तारेला जोडून अबोलीच्या आळ्यात ठेवला. मीठ-कोळसा हौसाबाईंनी स्वतःच्या हातानं घातला, नारळ ठेवला आणि खणखणीत गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, चुकीमाकी पोटात घाल, माज्या सुनेचो हात राख रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्यानं फॉस्टिन ओरडला. वर बजावून गेला, "उन्हाळ्यात हय पाणी घालीत ऱ्हवा. जमीन सुकली तर राखण चलाची नाय."

नळाला आधी हात कोण लावणार? भिकाजी गोठ्याकडे सटकला. सुभद्रा पुढं होणार, तोच हौसाबाईंनी तिला मागं सारलं आणि डोळे मिटून स्वतः नळ सोडला. पाणी आलं. नळ काही चावला नाही.

मग म्हातारी विहिरीवर गेली, रहाटावरचा दोर सोडून आणला आणि सुभद्रेच्या घट्टे पडलेल्या हातात दिला.

"आता ह्या दोरान वासरू बांद," ती म्हणाली आणि अबोलीच्या आळ्यात ओतायला नळाखाली कळशी धरली.