ममताच्या केकवरची पाचवी मेणबत्ती

राळेगाव तालुक्यातल्या त्या गावात भगवानरावांचा शब्द मोडायची कोणाची हिंमत नव्हती, पण नातीसमोर त्यांचं काही चालत नसे. अपेक्षा साडेचार वर्षांची. तिनं मागावं आणि आबांनी द्यावं, असंच चालत आलेलं.

शेजारच्या ममताच्या वाढदिवसाला गेल्या वर्षी अपेक्षानं केक मीच कापणार म्हणून जमिनीवर लोळण घेतली होती. "द्या तिले सुरी, लेकरूच हाय," असं आबाच म्हणाले होते. ममताच्या आईनं, नंदाबाईनं, सुरी दिली.

यंदाही बोलावणं आलं. अपेक्षा लगेच म्हणाली, "केक मीच कापीन."

भगवानराव हो म्हणणारच होते, तेवढ्यात त्यांची सून, अपेक्षाची आई सुरभी, मोबाइल घेऊन आली. तिनं गेल्या वर्षीचे फोटो अपेक्षासमोर धरले. "याच्यात ममता दाखव बरं."

भगवानरावांनीही चष्मा लावला. एका फोटोत ममताच्या फ्रॉकची नुसती कड होती. दुसऱ्यात ती सापडलीच नाही. तिसऱ्यात ती मागे उभी होती, मान खाली घालून, नव्या फ्रॉकची लेस बोटाला गुंडाळत.

"ती रडून राह्यली," अपेक्षा म्हणाली.

"काहून?" सुरभीनं विचारलं.

"तिले भूक लागली असंन."

सुरभी हसली नाही. "तुह्या वाढदिवसाले दुसऱ्यानंच केक कापला तं?"

"मी त्याले मारीन."

"ममतानं तुले मारलं का?"

अपेक्षा फोटोकडे बघत राहिली. भगवानरावांची नजर मात्र त्याच फोटोतल्या स्वतःवर गेली. ते मनापासून हसत टाळ्या वाजवत होते.

"चूक माही हाय, बाई," ते नातीला म्हणाले. "सुरी म्याच द्याले लावली. आज आपण दोघंही मांगं उभं राहू."

संध्याकाळी दोघं खरंच मागे उभे राहिले. मेणबत्त्या पेटल्या तसे अपेक्षाचे गाल फुगले आणि तिनं आबांचा अंगठा गच्च आवळला. त्यांनी हात तसाच राहू दिला. ममतानं फुंकर मारली. चार विझल्या, पाचवी तशीच. सगळे टाळ्या वाजवू लागले.

"ममता," अपेक्षा हळूच म्हणाली, "अजून एक राह्यली."

ममतानं वळून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा फुंकर मारली.

एवढ्यानं अपेक्षा काही शहाणी झाली नाही. केकवरचं गुलाबी फूल मलाच पाहिजे म्हणून तिचा ओठ बाहेर आला, डोळेही भरले. सवयीनं भगवानराव पुढे सरकले, मग थांबले. ममतानं जरा विचार केला, प्लेट घेऊन तिला बाजेवर बोलावलं, आणि दोघी फुलाची कोणती पाकळी कोणाची यावरून बोलत बसल्या.

भगवानराव नंदाबाईकडे गेले. "पोरी, मांगच्या साली मी तुह्या लेकीचा इचार केला नाई."

"राहू द्या आबाजी," नंदाबाई म्हणाली, आणि केकचा चांगला जाड तुकडा तिनं त्यांच्या प्लेटमध्ये ठेवला. सुरभीनं सासऱ्यांच्या साखरेच्या पथ्याचं नावही काढलं नाही. ते खुर्ची ओढून अंगणात बसले आणि बाजेवरची ती चिवचिव ऐकत सावकाश खाऊ लागले.