एका दिव्यावर बसवलेलं दार

सुनेला सगळी वस्ती 'पडदेवाली' म्हणायची. घरोघरी जाऊन पडद्याचे रॉड बसव, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या घट्ट कर, भिंतीला फळी लाव, असली किरकोळ कामं तिच्या वाट्याला यायची. खरं तर सुतारकी ती सासऱ्यांच्या हाताखाली शिकली होती, आणि दार असं बसवायची की कुणाचं कौतुक न करणारे सासरेसुद्धा मिशीतल्या मिशीत हसायचे. पण सासरे गेले, नवरा ट्रक घेऊन महिना महिना बाहेर, आणि एकट्या बाईला बांधकामावर उभं करतंय कोण? तिला पाहिलं की मुकादम मंडळी मागे डोकावून विचारायची, "मिस्त्री कुठंय?" हिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी एका मुकादमाच्या घरी तिनं पडदे लावले आणि त्याच्या बायकोनं त्याच्यामागे लकडा लावला. तो कसाबसा तयार झाला. "नव्या इमारतीत एक दार तुम्ही बसवा, शेजारचं दुसरा मिस्त्री बसवेल. मालकीणबाई स्वतः बघायला येणार आहेत. ज्याचं दार त्यांना पसंत, त्याला सगळ्या इमारतीची दारं." म्हणजे जमलं तर वर्षभर हक्काचं काम, नाही तर पुन्हा पडदे.

सासऱ्यांची वायरवाली मशीनं जुनी झाली होती. म्हणून सून आणि सासू बॅटरीवर चालणारं मशीन घ्यायला दुकानात गेल्या. दुकानदारानं सगळ्यात दांडगं ड्रिल पुढे केलं. "हे घ्या ताई, भिंतीतून आरपार जाईल."

"मला दार बसवायचंय," सून म्हणाली. "शेजाऱ्यांच्या घरात नाही शिरायचं."

तिनं ते ड्रिल डोक्याच्या वर, हात ताठ करून धरलं. खांदा कुरकुरायला लागला तसं गुपचूप परत ठेवलं. मधल्या आकाराचं उचललं, तसंच धरलं, आणि खांदा काही बोलला नाही. मग तिनं विचारलं, हीच बॅटरी करवतीला बसेल का, रंध्याला बसेल का? दर मशीनला निराळी बॅटरी म्हणजे घरातल्या दर माणसाला निराळी भाजी, हे तिला परवडणारं नव्हतं. बसते म्हटल्यावर तिनं दोन बॅटऱ्यांसकट ते मशीन घेतलं.

सासूनं बॅटरी तळहातावर तोलून पाहिली. "एवढ्याशा डबीत कितीसा जीव असणार गं? वायर कशी डोळ्यांना दिसते."

"आई, बघाच तुम्ही."

कामाच्या दिवशी दोघी इमारतीत पोहोचल्या. दार बसवायला दुसरं माणूस लागतंच, आणि सासूनं जन्मभर नवऱ्यासाठी दारं धरली होती. त्यामुळे 'मी येतेच' हा हुकूम होता. शेजारच्या चौकटीपाशी दाढीवाला मिस्त्री जिन्यातल्या बोर्डापासून लांबलचक वायर ओढत होता. मुकादमानं सुनेला विचारलं, "तुम्हाला बोर्ड कुठला देऊ?"

"आम्हाला बोर्ड लागत नाही," सून अशा काही तोऱ्यात म्हणाली, की सासूनंसुद्धा पदर सावरला.

तोरा जेमतेम पिशवी उघडेपर्यंत टिकला. बॅटरीवर चार बारीक दिवे असतात, भरलेली असली की चारही लागतात. सुनेनं बटण दाबलं. एक लागला. दुसरी बॅटरी काढली, तिनं एकदा डोळा मिचकावला आणि मिटला तो मिटलाच.

"असं कसं? झोपताना लावून ठेवल्या होत्या मी!"

सासू खिडकीबाहेर बघायला लागली. खिडकीबाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"आई?"

"अगं, मी आपली नेहमीसारखी सगळी बटणं बंद करून झोपले. काहीतरी लाल लुकलुकत होतं. म्हटलं, पोरगी विसरली."

घरातली सगळी बटणं बंद केल्याशिवाय या बाईला झोप यायची नाही, हे सुनेला लग्नाच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि तरी तिनं सांगून ठेवलं नव्हतं. चार्जर घरी. बोर्ड तर आपणच नाकारलेला. तिला इतका राग आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तेवढ्यात सासूकडे लक्ष गेलं. म्हातारीचा चेहरा पार उतरला होता, आणि अख्ख्या आयुष्यात कुणाची माफी न मागितलेली ती बाई पुटपुटली, "माझ्यामुळे तुझं काम जाईल का गं?"

"जातंय कसलं," सून म्हणाली. स्वतःच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं. "दार धरा."

एका दिव्यात काय काय भागेल, याचा तिनं विचार केला. कुलपासाठीचं मोठं गोल भोक हातानं पाडायला दिवस गेला असता, म्हणून मशीनचा जीव त्यासाठी राखायचा. बाकी सगळं हातानं. बिजागऱ्यांच्या खाचा तिनं पटाशीनं घेतल्या, स्क्रूची भोकं हातानं फिरवायच्या सामत्यानं पाडली. स्क्रूवर साबण घासला म्हणजे ते लाकडात सुरळीत उतरतात. साबण सासूच्या पिशवीत होताच, तिच्या पिशवीत काय नसतं? सासूनं दाराखाली पाचर सरकवली आणि पायाच्या अंगठ्यानं दार केसभर वर, केसभर खाली करत राहिली. सून ओळंबा लावून बघायची, "थोडं वर... बास," म्हणायची आणि स्क्रू पिळायची.

पलीकडे मिस्त्रीचं मशीन घरघरत होतं. एकेक स्क्रू झटक्यात आत. त्याचं दार लागलंसुद्धा. तो चहाचा पेला घेऊन येऊन उभा राहिला.

"काय ताई, मशीन झोपलं वाटतं?"

"नाही हो," सासू पाचरीवरचा पाय न हलवता म्हणाली, "तुमच्या आवाजानं कानात बोळे घालून बसलंय."

सुनेच्या तळहाताला फोड आला. दार मात्र चौकटीत सरळ उभं राहिलं. आता कुलूप. तिनं मशीन सगळ्यात कमी वेगावर ठेवलं आणि घाई न करता दाबलं. भोक पाडायचं गोल पातं लाकडात शिरलं. पात्याच्या मधलं टोक पलीकडून दिसताच तिनं मशीन काढलं आणि दुसऱ्या बाजूनं धरलं, म्हणजे लाकडाचा कपचा उडत नाही. एकुलता एक दिवा फडफडायला लागला. सासूनं श्वास रोखला. पातं फिरलं, फिरलं आणि थांबलं. कागदाएवढी कड उरली होती. सुनेनं ती पटाशीनं कापली, गोल तुकडा जमिनीवर पडला आणि दोघींनी एकदमच श्वास सोडला.

मालकीणबाई आल्या तेव्हा कुलूप बसवून झालं होतं. आधी त्यांनी मिस्त्रीचं दार अर्धं उघडलं आणि हात काढून घेतला. दार सावकाश आपलं आपण मिटायला लागलं, चौकटीला घासून कुरकुरलंही. मिस्त्रीनं पेला खाली ठेवला.

मग त्या सुनेच्या दाराकडे आल्या. अर्धं उघडून सोडलं. दार जिथल्या तिथं उभं. थोडं आणखी उघडून सोडलं. तिथंही उभं. शेवटी त्यांनी एका बोटानं लोटलं, आणि ते चौकटीत इतकं अलगद गेलं की कुलपाचा टिक् तेवढा ऐकू आला.

"हे कुणी बसवलं?"

मुकादम तोंड उघडतोय तोच सून पुढे झाली. "मी. आणि धरलं आईंनी."

"मग बाकीचीही तूच बसव," मालकीणबाई मुकादमाकडे न बघताच म्हणाल्या. "सगळी."

सासूनं भर कामावर, सगळ्यांच्या देखत सुनेला मिठी मारली आणि मोठ्यानं रडायला लागली. सून हसत होती, आणि तिचं हसणं काही केल्या थांबेना. आपल्याला इतका आनंद पेलतो, हे तिला माहीतच नव्हतं.

मालकीणबाई गेल्या. दाढीवाल्यानं आपलं दार दोनदा उघडून सोडून पाहिलं, बिजागरीवर बोट फिरवलं आणि मान हलवली. मग जिन्याजवळच्या ढिगातलं पुढचं दार त्यानं एका टोकाला धरून उचललं.

"ताई, मी धरतो. कुठं ठेवायचं ते सांगा."

सुनेनं फोडावर फुंकर घातली, कानामागची पेन्सिल काढली आणि त्याला सांगितलं.