अकरा छपरं

सात महिन्यांपूर्वी मला एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. पत्रांच्या बाबतीत मी तसा आळशी नाही. विमा कंपनीच्या छापील शुभेच्छापत्रालाही मी एकदा आभार कळवले होते, आणि आमच्या हिने ती गोष्ट नातेवाइकांत सांगून सांगून शिळी केली. पण हे पत्र मी वाचलं, घडी घातली आणि शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ठेवून दिलं.

पत्र एका परिचारिकेचं होतं. तिला मी कधी पाहिलेलं नाही.

मी निवृत्त मुद्रितशोधक. चाळीस वर्षं एका छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या. चूक नक्की असेल तर दुरुस्त करायची, नक्की नसेल तर समासात प्रश्नचिन्ह टाकून पुढे जायचं आणि निर्णय लेखकावर सोडायचा, अशी तिथली पद्धत. मला ती फार मानवली. माझ्या समासात दुरुस्त्यांपेक्षा प्रश्नचिन्हंच जास्त असायची. आमचा फोरमन म्हणायचा, "यांना सूर्य उगवला का विचारा, हे लेखकाला विचारून सांगतील."

निवृत्तीनंतर डोळे अजून शाबूत होते म्हणून एका वैद्यकीय मदत संस्थेचं बिनपगारी काम घेतलं. संस्थेच्या परिचारिका दूर डोंगराळ भागात जाऊन मुलांना लसी टोचतात. तिथल्या कित्येक वस्त्या कुठल्याच नकाशावर नाहीत. तेव्हा एक कंपनी उपग्रहाने काढलेली चित्रं संस्थेला फुकट देते. आमच्यासारखे घरबसे लोक संगणकावर त्या चित्रांतली छपरं शोधून प्रत्येकाभोवती चौकट आखतात. छपरं मोजून संगणक ठरवतो, कुठल्या वाटेने जायचं आणि किती लसी न्यायच्या. मोबाइल कंपनी तो नकाशा परिचारिकेच्या फोनवर पोचवते, आणि मालवाहतूक करणारी एक कंपनी बर्फाच्या पेट्या. पेटीतलं यंत्र दर दहा मिनिटांनी आतलं तापमान कळवतं. इतक्या परक्या लोकांनी मिळून हे चालवलंय याचं मला अप्रूप होतं. खोटं कशाला बोलू, अभिमानही होता. ही शेजारणींना सांगायची, "आमचे हे खुर्चीत बसून डोंगरात औषधं पोचवतात. कोपऱ्यावरून साबण आणायला सांगा, तो मात्र विसरतील."

आमच्या गटाच्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणतात. माझ्याहून तीस वर्षांनी लहान, पण मीही ताईच म्हणतो. पहिल्या दिवशी त्यांनी नियम सांगितले होते. छप्पर नक्की असेल तर चौकट. शंका असेल तर पिवळी खूण, आणि त्याच दिवशी त्यांना फोन. पिवळी खूण तशीच राहिली तर ती पुढे जात नाही. हे शेवटचं वाक्य मी ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा ते छप्पर नसून डबकं निघालं. दुसऱ्यांदा ताई म्हणाल्या, "आजोबा, तुमच्या शंका ठेवायला आता वेगळं कपाट घ्यावं लागणार!" पलीकडे आणखी कोणीतरी हसलं. त्या प्रेमानेच म्हणाल्या होत्या. मीही हसलो. त्यानंतर मी फोन केला नाही.

मग तो चौकोन आला. डोंगराच्या मागच्या उतारावर अकरा गोल ठिपके, वाळल्या गवताच्या रंगाचे. भोवतालची जमीनही त्याच रंगाची. चाऱ्याच्या गंजीही असू शकल्या असत्या. पण प्रत्येक ठिपक्यापासून एक बारीक रेघ निघून ओढ्याला जाऊन मिळत होती. रोजची ये-जा असल्याशिवाय पायवाट पडत नाही, आणि गंजी काही पाण्याला जात नाहीत. हे मला तेव्हाच, त्या क्षणीच कळलं होतं. तरी मी अकरा पिवळ्या खुणा केल्या. फोनकडे पाहिलं. ताईंच्या नजरेला पडेलच, असं मनाशी म्हटलं आणि पुढचा चौकोन उघडला.

परिचारिकेने वहीच्या रेघी कागदावर दोन्ही बाजूंनी लिहिलं होतं, वर आईच्या घरचा पत्ता. माझा पत्ता तिला कचेरीतल्या एका कारकुनाने दिला होता.

"मी या भागात नवीनच बदलून आले होते," तिने लिहिलं होतं. "फोनवर जी वाट दिसली ती चालले, जितक्या लसी मिळाल्या तितक्या टोचल्या. फाट्यापलीकडे वस्ती आहे हे मला ठाऊक नव्हतं. तिथे मी पहिल्यांदा गेले ती गोवर झालेली मुलं मोजायला. सहा मुलं गेली. सगळ्यांत मोठं पाच वर्षांचं, सगळ्यांत लहान अकरा महिन्यांचं. त्याच्या आईने मला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मी तिला बोल लावत नाही.

"चौकशीत माझ्या फोनची नोंद काढली. मी फाट्यापर्यंत गेले आणि तिथून परत फिरले असं त्यात दिसतं, आणि ते खरंच आहे. पण समितीपुढे जो नकाशा आहे तो मुलं गेल्यानंतर दुरुस्त केलेला आहे. त्यात वस्ती दिसते. माझ्या फोनवरचा जुना नकाशा आपोआप बदलला. आता सगळे म्हणतात, वस्ती डोळ्यांसमोर असताना ही चढण टाळायला मागे फिरली. माझी आईसुद्धा विचारते, खरं सांग, दमली होतीस का? त्या चौकोनाचं काम तुम्ही केलंत असं कळलं. माझ्या फेरीच्या दिवशी नकाशात ती वस्ती होती की नव्हती, एवढ्या दोन ओळी सहीनिशी लिहून द्या. समिती महिनाअखेरीला बसणार आहे."

महिनाअखेरीला एकोणीस दिवस होते.

पहिला मसुदा चार पानी झाला. त्यात उपग्रहाच्या चित्रांतल्या सावल्यांवरच दीड पान होतं. दुसरा लहान होता, पण वाचून पाहिला तर त्यात 'कदाचित' पाच वेळा. तिसऱ्यात मी लिहिलं की ठिपके स्पष्ट नव्हते, आणि तो फाडून टाकला, कारण ते खोटं होतं. चौथा लिहिलाच नाही. महिना संपला त्या दिवशी, सांगायला लाज वाटते, मला हलकं वाटलं. आता लिहून उपयोग नाही, असं स्वतःला सांगता येऊ लागलं.

नकाशाचं काम मात्र मी सोडलं नाही. रोज सकाळी चहा घेऊन बसायचो. एकही पिवळी खूण करायचो नाही. नुसता खडक दिसला तरी चौकट आखायचो.

गेल्या आठवड्यात ताईंनी कचेरीत बोलावलं. दहा-बारा नवे लोक आले होते, त्यांना काम समजावून सांगायचं होतं. "गेल्या वर्षीच्या तपासणीत तुमच्या चुकांचं प्रमाण सगळ्या गटात सर्वांत कमी निघालं, आजोबा," ताई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. मला तर भागीदारांची बैठक आहे, तीन फोन एकदम वाजतायत."

मी लोकांसमोर बोलणारा माणूस नाही. तरी कसंबसं सांगितलं. चौकट कशी आखायची, सावलीवरून उंची कशी ओळखायची, पिवळी खूण कुठे असते. पुढच्या रांगेत एक शिंपीणबाई बसल्या होत्या, गळ्यात मोजपट्टी तशीच. त्यांनी विचारलं, "आणि हे पिवळं केलेलं जातं कुठे?"

"कुठेच जात नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे ते मोजत नाहीत. तिथे कोणी राहत नाही असं धरतात. चुकांतही मोजत नाहीत. म्हणून माझं प्रमाण इतकं चांगलं निघालं."

त्या हसल्या, विनोद वाटला असेल. मग माझ्याकडे पाहून हसायच्या थांबल्या. मी पाणी मागितलं आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

ताई बैठकीतून धावत आल्या. "चक्कर आली का? डॉक्टर बोलावू? इथे दाराला दार लागूनच डॉक्टर आहेत."

मी त्यांना सगळं सांगितलं. पत्राचंही. त्या माझ्याशेजारी बसल्या.

"दुरुस्ती वरच्या कचेरीने परस्पर केली," त्या म्हणाल्या. "मला एवढंच कळवलं की नकाशा आता बरोबर आहे. आधी तो कसा होता हे मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं."

"तिचं काय झालं?"

"नोंदणी रद्द केली तिची. कुठेच परिचारिका म्हणून काम करता येत नाही. आईकडे राहते. अपिलाची मुदत आहे, पण पुरावा नाही म्हणून तिने केलंच नाही."

"मुदत कधीपर्यंत?"

"वीस तारीख."

त्या दिवशी तेरा तारीख होती.

"तिला फोन करा ना, ताई. आत्ताच्या आत्ता."

"कुठे करू? फोन संस्थेचा होता, तो परत घेतला. आणि अपिलाला मूळ सहीचा कागदच लागतो." त्यांनी बैठकीच्या बंद दाराकडे पाहिलं. "आजोबा, आत चित्रंवाले बसलेत, मोबाइलवाले बसलेत. पुढच्या तीन वर्षांचा करार आज सहीला आहे. हे बाहेर पडलं तर ते विचारणार, तुमच्या नकाशावर भरवसा कसा ठेवायचा? याच नकाशांवर चार हजार मुलांना टोचलंय हो आपण."

"हो," मी म्हणालो. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतंच.

"त्या दिवशी फोन का नाही केलात?"

"तुम्ही हसाल म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी हसले होते?"

त्यांना आठवत नव्हतं. कपाटाचं बोलणं मी सांगितलं तरी आठवेना. त्या उठल्या, आत आपल्या टेबलाकडे गेल्या आणि दहा मिनिटांनी छापलेला एक कागद घेऊन आल्या. त्या चौकोनाची जुनी नोंद होती. अकरा पिवळे ठिपके, फेरीच्या आधीची तारीख, शेजारी माझा क्रमांक. खाली ताईंनी कचेरीचा शिक्का मारून सही केली होती.

"मी आत जाऊन सांगते त्यांना," त्या म्हणाल्या. "सही व्हायच्या आधी. काय व्हायचं ते होवो." त्यांचा आवाज मुळीच धीट नव्हता. दाराच्या मुठीवर हात ठेवून त्या क्षणभर थांबल्या आणि मग आत गेल्या.

घरी आलो तेव्हा ही कपडे वाळत घालत होती. मी शब्दकोशातून पत्र काढून तिच्या हातात दिलं. तिने ओला हात पदराला पुसला आणि उभ्या उभ्याच दोन्ही बाजू वाचल्या.

"कधीचं हे?"

"सात महिन्यांपूर्वीचं."

"आणि तुम्ही गप्प बसलात? माझ्या पानात वाढायचं राहिलं तरी 'चूक झाली, चूक झाली' करत घरभर फिरता तुम्ही."

"जमेना लिहायला."

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्यात. स्वतःची एक काढताना हातपाय गळाले होय?" मग तिने पत्राची घडी घातली आणि हळू आवाजात म्हणाली, "अकरा महिन्यांचं होतं हो." बादलीत उरलेले कपडे तिने तसेच ठेवले आणि टेबलावरचा चष्मा माझ्यासमोर आणून ठेवला.

मी लिहिलं:

"तुमच्या फेरीच्या दिवशी तुमच्या नकाशात ती वस्ती नव्हती. त्या चौकोनाचं काम माझ्याकडे होतं. मला अकरा छपरं दिसली होती आणि ती घरं आहेत हे मला कळलं होतं. तरी मी ती नक्की म्हणून नोंदवली नाहीत, आणि विचारायचं होतं तिथे विचारलं नाही. म्हणून ती नकाशात गेली नाहीत. तुमच्या फोनवरची वाट फाट्यालाच संपत होती. तुम्ही तिथून परत फिरलात यात तुमचा काही दोष नाही. सोबत जुनी नोंद सही-शिक्क्यानिशी जोडली आहे. अपिलासाठी मी कुठेही येऊन हेच सांगेन. तुमचं पत्र मला महिनाअखेरीच्या एकोणीस दिवस आधी मिळालं होतं."

हिने खांद्यावरून वाचलं. "ती शेवटची ओळ कशाला? तिच्याशिवायही तिचं काम होतंय."

"तिला कळायला हवं."

"शिव्या देईल तुम्हाला."

"देऊ दे."

"आणि ती सहा मुलं?"

ती मुलं पत्रात कुठेच नव्हती. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी पोस्ट उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी पाकीट काट्यावर ठेवलं, पत्ता वाचला आणि ओठ मुडपले.

"डोंगरातलं आहे. चार दिवस लागतात. वाट बंद असली तर सात-आठ."

"वीसच्या आत पोचायला हवं."

"मग लवकर टाकायचं होतं, काका," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "पोचपावती लावू?"

"लावा."

त्यांनी गुलाबी कागद चिकटवला, दोनदा शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.